ऑफर लेटरपासून रिलिव्हिंग लेटरपर्यंत: परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात भरती आणि गळती कशी सांभाळायची

परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात भरतीचं काम हाती घेतलं तेव्हा पहिल्याच महिन्यात अमेरिकेतल्या मॅनेजरनं विचारलं, "पोरगा पसंत पडला, त्यानं होही म्हटलं, मग तो तीन महिन्यांनी का येणार?" तिकडे दोन आठवड्यांची सूचना देऊन माणूस निघतो, त्यामुळे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड त्याच्या पचनी पडेना. पुढे जर्मन मॅनेजर वाट्याला आला. त्याला तीन महिन्यांचं काहीच वाटलं नाही, कारण त्यांच्याकडेही तशी मुदत बऱ्याच करारांत असते. त्याचा प्रश्न वेगळा होता. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी नऊला उमेदवाराचा निरोप आला, "घरी अडचण आहे, सॉरी मॅडम." अडचण कसली, त्याला खराडीतल्या दुसऱ्या कंपनीत जास्त पगार मिळाला होता. जर्मन मॅनेजर म्हणाला, "सही केली आहे ना? मग येणार नाही म्हणजे काय?"

या दोन प्रश्नांच्या मध्ये उभं राहून उत्तरं देणं, हेच आपलं काम. इतकी वर्षं ते केल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. माणूस का गेला याचं उत्तर बहुतेक वेळा त्याला घेताना आपण काय सांगितलं आणि काय गिळलं, यात सापडतं. खालची रीत पन्नास ते तीनशे माणसांच्या ऑफिसासाठी आहे. एचआरमध्ये असाल किंवा टीम लीड असून भरती गळ्यात पडली असेल, तरी चालेल.

पायरी १: आधी गळती नीट मोजा

सूत्र सोपं आहे. वर्षभरात गेलेली माणसं भागिले वर्षातली सरासरी संख्या, गुणिले शंभर. समजा वर्षाच्या सुरुवातीला १८० जण होते, शेवटी २२०. सरासरी २००. गेले ३६. म्हणजे गळती १८ टक्के. हा आकडा मुख्यालयाला पाठवला की तिकडून लगेच विचारणा होते, "भारतात एवढी असतेच का?" असते, आणि त्याहून जास्तही असते. २०२२च्या एप्रिल ते जून तिमाहीत इन्फोसिसनं २८.४ टक्के गळती जाहीर केली होती. टीसीएसचा आकडा त्याच वर्षी सप्टेंबरअखेर २१.५ टक्क्यांवर होता. तेव्हा सगळ्या हिंजवडीत रोज कोणी ना कोणी पेपर टाकत होतं, म्हणजे राजीनामा देत होतं.

पण नुसत्या १८ टक्क्यांवरून काही कळत नाही. त्या ३६ जणांची यादी घ्या आणि चार रकाने करा: किती महिने टिकला, कोणाच्या हाताखाली होता, कुठून आला होता (रेफरल म्हणजे आपल्याच माणसाची शिफारस, नोकरी डॉट कॉम, एजन्सी, कॅम्पस), आणि स्वतःहून गेला की आपण काढलं. मग चित्र दिसायला लागतं. समजा ३६ पैकी अकरा जण सहा महिन्यांच्या आत गेले. तो दोष पगाराचा नाही, निवडीचा किंवा दिलेल्या शब्दाचा आहे. नऊ जण एकाच मॅनेजरच्या टीममधले असतील, तर भरतीच्या जाहिराती वाढवून काहीही होणार नाही.

पायरी २: जागा कशासाठी, हे तिकडच्याला बोलतं करा

मुख्यालयातून आलेलं जागेचं वर्णन जसंच्या तसं छापू नका. ते बहुधा दुसऱ्या देशासाठी लिहिलेलं असतं आणि त्यात आठ वर्षांचा अनुभव, बारा तंत्रज्ञानं, अमुक पदवी अशी जंत्री असते. ज्याला माणूस हवा आहे त्याच्याशी अर्धा तास बोला आणि तीन गोष्टी विचारा. पहिल्या सहा महिन्यांत हा माणूस नेमकं काय करणार? कामाचे निर्णय कोण घेणार, तो की तिकडचा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारा? आणि कॉल किती वाजता?

दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात. वर्णनात 'मालकी' असते, 'नेतृत्व' असतं, प्रत्यक्षात तिकडे ठरवलेलं इथे टाइप करायचं असतं. असं असेल तर तसं सांगून माणूस घ्या. तसं काम आनंदानं करणारे लोकही असतात. आठ वर्षांच्या अनुभवाला डिझाइनचं काम सांगून आणलं आणि बग दुरुस्तीला बसवलं, तर तो सातव्या महिन्यात जाणारच.

कॉलची वेळ हा तर लेखी द्यायचा मुद्दा आहे. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास. म्हणजे तिकडची दुपारी दोनची बैठक आपल्याकडे साडेपाचला असते आणि एका रात्रीत साडेसहावर जाते, ती मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथेच राहते. तिकडच्यांच्या कॅलेंडरवर काहीच बदललेलं नसतं, म्हणून त्यांच्या लक्षातही येत नाही. इकडे पाळणाघर साडेसहाला बंद होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा, तिथे तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

पायरी ३: शोध

यावर फार लिहीत नाही. साधनं सगळ्यांना ठाऊक आहेत. रेफरल सगळ्यात चांगलं, कारण ओळखीचा माणूस ऑफिसची खरी कथा आधीच सांगून बसलेला असतो. त्याचं बक्षीस दोन हप्त्यांत द्या: अर्धं रुजू झाल्यावर, अर्धं सहा महिन्यांनी. एजन्सीच्या करारात बदली उमेदवाराची अट, म्हणजे आणलेला माणूस लवकर गेला तर दुसरा द्यायचा, किमान नव्वद दिवसांची ठेवा.

एक गोष्ट मात्र पहिल्याच फोनवर विचारा: राहता कुठे? हडपसरला राहणारा हिंजवडी फेज तीनला यायला हो म्हणतो, कारण त्या क्षणी त्याला नोकरी हवी असते. पहिल्या पावसाळ्यात वाकडच्या पुलाखाली दोनदा अडकला की तो मगरपट्टा आणि खराडीतल्या जागा बघायला लागतो.

पायरी ४: मुलाखत

इथे माझं थोडं भांडण आहे. परदेशी मुलाखतकाराचा शेरा बऱ्याचदा येतो, "संवाद कमकुवत." खोलात गेलं की कळतं, मुलगा सांगलीचा किंवा सोलापूरचा, शाळा मराठीतून, विषय पक्का, पण समोरच्याचा उच्चार आणि तुटक आवाजाचा कॉल यांत त्याची इंग्रजी अडखळली. दुसरा शेरा असतो, "याचं स्वतःचं योगदान कळलं नाही." आपल्याकडे माणूस म्हणतो, "आम्ही हे केलं." 'मी केलं' म्हणणं त्याला फुशारकीचं वाटतं. समोरच्याला वाटतं, यानं काहीच केलेलं नाही.

त्यासाठी तीन उपाय करून बघा. परदेशी मुलाखतकाराबरोबर पुण्यातला एक अनुभवी इंजिनिअर बसवा; गाडी अडली तर तो प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारेल. उमेदवाराला आदल्या दिवशी सांगा की तुझ्या स्वतःच्या कामाबद्दल विचारतील, तेव्हा 'मी' म्हणून बोल. ही काही चिटिंग नाही, खेळाचे नियम सांगणं आहे. आणि चर्चेआधी प्रत्येकानं आपले गुण लिहून ठेवावेत. नाहीतर सगळ्यात वरचा साहेब आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

फेऱ्या तीन पुरतात. पाच-सहा फेऱ्या आणि दोन खंडांत पसरलेले मुलाखतकार म्हणजे महिना गेला. तेवढ्यात चांगला उमेदवार दुसरीकडे सही करून मोकळा होतो. तुमच्याही प्रश्नांना वेळ ठेवा आणि उमेदवाराच्या प्रश्नांना त्याहून जास्त. काही विचारतच नाही, त्याची मला काळजी वाटते.

पायरी ५: आकडा सांगताना इनहँड सांगा

पॅकेज हा शब्दच घोटाळ्याचा आहे. समजा १८ लाखांचं पॅकेज आहे. उमेदवार घरी सांगतो, महिना दीड लाख. त्यात दोन लाख व्हेरिएबल, म्हणजे दर वर्षी कमीजास्त होणारा भाग. मूळ वेतन वर्षाला ९ लाख धरलं तर कंपनीचा १२ टक्के पीएफ १ लाख ८ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४३ हजार. उरले साधारण साडेचौदा लाख, म्हणजे महिन्याला १ लाख २० हजारांच्या आसपास. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ९ हजार आणि व्यवसायकर २०० रुपये गेला (फेब्रुवारीत ३०० जातात आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, शंभर कसले कापले). हाती १ लाख ११ हजार आणि काही रुपये, तेही आयकराआधी. हा हिशेब ऑफरच्या वेळी कागदावर मांडून द्या. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यानं तो स्वतः मांडला, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि तो राग पुढे कुठल्याच सहलीनं जात नाही.

व्हेरिएबल कशावर अवलंबून आहे तेही सांगा. जागतिक कंपनीत ते बऱ्याचदा जागतिक नफ्याशी बांधलेलं असतं. पुण्यात तुम्ही रात्रीचा दिवस केलात, पण युरोपात विक्री पडली, तर साठ टक्केच मिळेल. शेअर देत असाल तर ते किती वर्षांत हाती येतात आणि हाती आलेल्या दिवशी त्यावर पगारासारखाच कर लागतो, हे आधी सांगा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन बारीक ठेवून भत्ते फुगवण्याची जुनी युक्ती त्यामुळे चालत नाही. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, कायम नोकरीला पाच वर्षांची अट आहेच. जुन्या नमुन्यांवर ऑफर काढत असाल तर आधी पगाराचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

आता दुखरी नस. नव्याला बाजारभावानं घेता आणि चार वर्षं टिकलेल्याला आठ टक्के वाढ देता. दोघं एकाच टेबलावर जेवतात. पगार गुपित असतो हा समज फक्त मुख्यालयात उरला आहे. प्रत्येक नवी ऑफर काढताना त्याच कामावरच्या जुन्यांचे पगार शेजारी ठेवून बघा, फरक मोठा असेल तर त्याच महिन्यात दुरुस्तीची मागणी पाठवा. अप्रेझलची वाट पाहू नका. एका जुन्याची दुरुस्ती त्याच्या जागी नवा आणण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि मुख्यालयाला ही भाषा लगेच समजते.

पैशानं माणूस थांबतो का? थांबतो. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात गळती ३७० टक्क्यांवर गेली होती. ५ जानेवारी १९१४ला त्यांनी रोज पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून थोडे जास्त, आणि गळती कोसळली. पण तिथे दुसरा कोणी तेवढे देत नव्हता. बाणेर ते खराडीच्या पट्ट्यात तुमच्यापेक्षा वीस टक्के जास्त देणारा नेहमीच कोणीतरी असतो.

पायरी ६: नोटीसचे नव्वद दिवस

सगळ्यात जास्त माणसं इथे निसटतात. सही झाली की भरतीवाला पुढच्या जागेकडे वळतो आणि उमेदवार तुमची ऑफर हातात धरून बाजारात फिरायला लागतो. नोटीसवर असलेल्या माणसाला फोनांचा पाऊस पडतो, कारण 'लवकर येऊ शकणारा' म्हणून त्याचा भाव वाढलेला असतो. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं, म्हणून चिडू नका, कामाला लागा.

आठवड्याच्या आत राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या दिवसाची तारीख मागा. मेल येत नसेल, "साहेब सुट्टीवर आहेत" असं चाललं असेल, तर तिथे काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी जुन्याच कंपनीची वाढीव ऑफर, शिजते आहे असं समजा. दर पंधरा दिवसांनी फोन करा, पण तो एचआरनं नाही, होणाऱ्या टीम लीडनं. "येणार ना?" असं विचारायचं नाही. काम सांगायचं: आपण हा मॉड्यूल बदलतोय, तू आलास की हे बघ. दुसऱ्या महिन्यात टीमबरोबर जेवायला बोलवा. शेवटच्या महिन्यात लॅपटॉप कोणता, बस कुठून, आईवडिलांचा विमा कसा, अशा बारीकसारीक गोष्टी विचारा. त्यांची उत्तरं देणारा बहुधा येतो. "बघू, सांगतो" म्हणणाऱ्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराशी बोलणं बंद करू नका.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड करारानं येतो, म्हणून तो कमीही होऊ शकतो. जुन्या कंपनीला पैसे भरून लवकर सुटण्याची, म्हणजे बायआउटची, सोय तिच्या करारात आहे का ते विचारा आणि ते पैसे आपण देऊ का हे मुख्यालयाकडून आधीच ठरवून घ्या. शक्य असेल तर स्वतःच्या करारात साठ दिवस ठेवा. भीती वाटते खरी, पण जाणारा माणूस नव्वदातले शेवटचे साठ दिवस काय काम करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मुख्यालयाला जागा भरण्याची तारीख देताना गेल्या वर्षी किती ऑफर दिल्या आणि किती जण खरोखर आले, हे स्वतःचं गुणोत्तर वापरा. दहा माणसं हवी असतील तर दहाच ऑफर काढून बसू नका.

पायरी ७: तपासणी, बाँड वगैरे

पार्श्वभूमी तपासणी राजीनाम्यानंतर सुरू केली आणि काही निघालं, तर माणूस ना तिकडचा ना इकडचा राहतो. जेवढी आधी होईल तेवढी आधी करा, लेखी संमती घेऊन. पीएफच्या नोंदींतून एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. २०२२मध्ये विप्रोनं दुसरीकडेही काम करणाऱ्या तीनशे जणांना काढल्यापासून सगळेच ते बघतात. युरोपातल्या सर्व्हरवर उमेदवाराची माहिती जात असेल तर तिकडचे गोपनीयतेचे नियमही लागू होतात. नाकारलेल्यांचे बायोडेटा वर्षानुवर्षं शेअर्ड फोल्डरमध्ये पडू देऊ नका.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, ही अट मुख्यालयाच्या नमुन्यात हमखास असते. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ तिला इथे जवळजवळ निकामी करतं. नोकरीत असतानाच्या ठरावीक मुदतीच्या बाँडची गोष्ट वेगळी. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. तरी माझं मत विचाराल तर बाँड फक्त खऱ्या, महागड्या प्रशिक्षणासाठी ठेवा. बाँडमुळे थांबलेला माणूस खुर्चीवर असतो, कामावर नसतो.

पायरी ८: रुजू झाल्यावरचे पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी लॅपटॉप, पासवर्ड आणि परवानग्या तयार हव्यात. हे फालतू वाटतं, पण जागतिक कंपनीत परवानगी देणारा तिसऱ्याच देशात असतो आणि नवा माणूस दहा-दहा दिवस ट्रेनिंगचे व्हिडिओ बघत बसतो. त्या दहा दिवसांत आधी नाकारलेल्या कंपन्यांचे फोन येतच असतात.

परदेशातल्या मॅनेजरनं पहिल्या आठवड्यात एकट्याशी अर्धा तास बोलायचं, ही अट घाला. पुण्यात एक सोबती नेमा, त्याच्या कामाच्या तासांत ते मोजून. तिसाव्या दिवशी तुम्ही स्वतः चहाला घेऊन जा आणि एकच विचारा: "आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं काय निघालं?" उत्तर तिथेच लिहून ठेवा आणि पायरी २मधल्या टिपणाशी ताडून बघा. तफावत असेल तर काम बदला, नाहीतर पुढच्या जाहिरातीतला मजकूर बदला.

पायरी ९: टिकवणं

बहुतेक तक्रारी मॅनेजरशी येऊन थांबतात, आणि आपल्याकडे मॅनेजर सात हजार किलोमीटरवर बसलेला. तो वर्षातून एकदा येतो, सगळ्यांना बिर्याणी खाऊ घालतो, फोटो काढतो आणि जातो. त्याला सांगा, पुढच्या वेळी बिर्याणी एक दिवस आणि उरलेले चार दिवस प्रत्येकाशी वेगळं बोलणं. पुण्यातल्या माणसांच्या बढतीचा निर्णय कुठे, कोण आणि कोणत्या महिन्यात घेतो, हे लोकांना माहीत असावं. "वरून आलं नाही" हे तीनदा ऐकलेला माणूस चौथ्यांदा विचारत नाही, बायोडेटा अपडेट करतो.

सुट्ट्यांकडेही लक्ष ठेवा. रिलीजची तारीख गणपतीत किंवा दिवाळीत पडली तर जानेवारीतच बोला, कॅलेंडर तेव्हाच ठरतं. आणि मार्च-एप्रिलवर नजर असू द्या. बोनस खात्यात जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामे येतात. ज्यांना गमावणं परवडणार नाही, त्यांच्याशी जानेवारीत बसा.

पायरी १०: राजीनामा आला

पहिल्या तासात रक्कम बोलू नका. आधी ऐका. पगार हे सांगायला सोपं कारण असतं. कोणाचा राग राहत नाही, वाद होत नाही. काउंटर ऑफर द्यायची असेल तर ज्या कारणानं तो निघाला ते दूर करता येत असेल तरच द्या. नुसत्या पैशावर थांबवलेले माझे बरेचसे लोक पुढच्या दिवाळीपर्यंत गेलेच, आणि मधल्या काळात शेजारच्यांना रस्ता कळला: पेपर टाकला की वाढ मिळते.

हिशेब वेळेवर करा. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. पंचेचाळीस दिवसांची जुनी सवय असलेल्या मुख्यालयाच्या पेरोल टीमला हे आधीच कळवून ठेवा. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडवून ठेवू नका. त्यानं काही वसूल होत नाही, फक्त गावभर नाव होतं, आणि पुण्याचं आयटी तसं लहान गाव आहे.

शेवटच्या दिवशीची मुलाखत बहुतेक गोडच होते, कारण माणसाला पत्र हवं असतं. म्हणून तो गेल्यावर सहा महिन्यांनी फोनची आठवण लावा. तेव्हा त्याचा हिशेब मिटलेला असतो, पीएफ बदलून झालेला असतो आणि नवी जागाही थोडी जुनी झालेली असते. "तिकडे काय वेगळं आहे?" एवढंच विचारा. एकीनं मला फोनवरच सांगितलं होतं, "काहीच नाही मॅडम, कॉल फक्त सहाच्या आत संपतात." त्या आठवड्यात आम्ही तिच्या जुन्या टीमची बैठक तिकडच्या सकाळी दहावर नेली.